बंगळुरूचं पंचांग

बंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये काडु मल्लेश्वराचं देऊळ आहे. ‘काडु’ म्हणजे रान. या देवाला गाव इनाम दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख आहे आणि देणारे आहेत व्यंकोजीराजे भोसले, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. १८९८च्या प्लेगनंतर जुन्या पेठेबाहेर मोकळी वस्ती वसवली गेली, तेव्हा तिला नाव मिळालं ते याच देवावरून. त्या इनामाच्याही आधी, १६३८मध्ये, विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजांनी शहर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या वंशजाकडून बंगळूर घेतलं होतं. पुढे ते त्यांच्या जहागिरीचं ठाणं झालं. जयराम पिंड्येच्या ‘राधामाधवविलासचंपू’त शहाजीराजांच्या इथल्या दरबाराचं वर्णन आहे. अनेक भाषांचे कवी तिथे आपापल्या भाषेत कविता म्हणून दाखवत. या शहरातल्या बहुभाषक मैफलीची इतकी जुनी नोंद मराठी माणसाला आपल्या घरातच सापडते, याचा मला फार आनंद वाटतो.

म्हणूनच इथे नोकरीला आलेली आपली माणसं ‘हवा छान आहे, पण शहराला स्वतःचं असं काही नाही’ म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटतं. या शहराचं वर्ष नुसतं इंग्रजी कॅलेंडरवर बघितलं तर सापडत नाही. ते तिथीवर चालतं आणि शेतात काय तयार झालंय त्यावर चालतं. आणि तिथी तर आपल्याच आहेत. कर्नाटकाचं पंचांग आपल्यासारखंच शालिवाहन शकाचं, महिना अमावस्येला संपणारं. घरातलं मराठी कॅलेंडर भिंतीवर टांगा, इथेही तेच चालतं.

चैत्रापासून सुरुवात करू. पाडव्याला इथे ‘युगादी’. गुढी नाही, पण कडुनिंब आणि गूळ आहेच, ‘बेवु-बेल्ल’. आणि जेवायला होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी. मग रामनवमी. चामराजपेठेतल्या फोर्ट हायस्कूलच्या मैदानात श्री रामसेवा मंडळीचा संगीत महोत्सव मांडवात भरतो. १९३९पासूनची ही परंपरा आहे आणि कर्नाटक संगीतातली मोठमोठी नावं तिथे गायली, वाजवली. रामनवमीला बंगळुरूत पानक आणि कोसंबरी वाटतात. पानक गुळाच्या पाण्याचं, वेलची-सुंठ घातलेलं. कोसंबरी भिजवलेल्या मुगाच्या डाळीची. हे हातात आलं की मला आमच्याकडचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू, कैरीची डाळ आणि पन्हं आठवतं. महिना तोच आणि ऊनही तेच. कोसंबरी-कोशिंबीर या शब्दांत तर एवढंच अंतर.

आणि चैत्री पौर्णिमेला करगा. माझ्या मते या शहराची सगळ्यांत मोठी रात्र हीच. आपण मराठी माणसं मात्र त्या रात्री झोपलेली असतो.

तिगळरपेठेत धर्मरायस्वामीचं देऊळ आहे. धर्मराय म्हणजे युधिष्ठिर. पण उत्सव खरा द्रौपदीचा. तिगळ समाजाची श्रद्धा अशी की पांडव स्वर्गाकडे निघाले तेव्हा द्रौपदी मागे राहिली, तिमिरासुराशी लढायला तिने वीरकुमार निर्माण केले आणि दर वर्षी भेटायला येण्याचा शब्द त्यांना दिला. तो शब्द ती या रात्री पाळते. मध्यरात्रीनंतर देवळातून पुजारी बाहेर पडतो. तो पुरुषच, पण नेसण साडीचं, हातांत बांगड्या, डोक्यावर मोगऱ्याने पूर्ण झाकलेला घट, तोच करगा. करग्याला हात लावायचा नाही, तो तोलायचा. भोवती उघड्या तलवारी घेतलेले वीरकुमार आणि ‘गोविंदा, गोविंदा’चा गजर. तो समोरून जातो तेव्हा आधी वास येतो. पेठेच्या अरुंद गल्लीत इतक्या मोगऱ्याचा वास कोंडतो की पाऊल पुढे टाकायचं भान राहत नाही. मग पांढरा डोलारा डुलत पुढे निघून जातो आणि गल्लीत पाकळ्यांचा सडा उरतो.

ही मिरवणूक कॉटनपेठेत हजरत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यापाशी थांबते, मग पुढे जाते. पहाटेपर्यंत हे चालतं.

तिगळ हे पिढ्यान्‌पिढ्यांचे माळी. लालबागेच्या मातीत त्यांचे हात राबले, तळ्यांच्या पाण्यावर त्यांनी फुलं-भाजी पिकवली. करग्याचा पाण्याशी संबंध आहे तो यामुळे. पूर्वी संपंगी तळ्याकाठी त्याचे विधी होत. ते तळं बुजवून तिथे कंठीरव स्टेडियम उभं राहिलं. विधीपुरतं एक लहानसं चौकोनी कुंड तेवढं राखलं आहे. गावाने तळं घालवलं, पण उत्सवाने त्याचा एक तुकडा वाचवला. उत्सव कशासाठी असतात असं कोणी विचारलं, तर मी त्याला ते कुंड दाखवीन.

पावसाळ्यात वर्ष थोडं घरात शिरतं. श्रावणातल्या वरमहालक्ष्मीच्या आदल्या दिवशी के. आर. मार्केटमध्ये फुलांचे भाव कडाडतात. पंधरा ऑगस्टला लालबागेत पुष्पप्रदर्शन. हैदरअलीने १७६०मध्ये सुरू केलेली ही बाग, तिच्या काचघराची पायाभरणी १८८९ची. सव्वीस जानेवारीलाही प्रदर्शन असतं. गर्दी असह्य होते हे खरं, तरी सकाळी लवकर जावं.

भाद्रपदात एक गंमत आहे. आपल्याकडे गणपती आधी येतो, गौरी मागाहून. इथे गौरी एक दिवस आधी, आपल्या हरतालिकेच्याच तृतीयेला माहेरी येते आणि दुसऱ्या दिवशी मुलगा तिला न्यायला येतो. सवाष्णींना सुपातून ‘बागिन’ देतात, आपलं वाण. सार्वजनिक गणेशोत्सवही मोठा आहे. १९६२पासून बसवनगुडीत भरणाऱ्या बेंगळुरू गणेश उत्सवाला लोक मुख्यतः गाणं ऐकायला जातात. पुण्यामुंबईच्या मंडळांनी हे एकदा येऊन पाहावं. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळातही गणपती असतो आणि घरची आठवण काढणारी आपली माणसं तिथे जमतात. जमावंच, पण तेवढ्यावर थांबू नये. त्याच सुमारास शिवाजीनगरच्या सेंट मेरी बॅसिलिकात मेरीमातेचा उत्सव असतो, आठ सप्टेंबरला रथ निघतो. त्याआधीच्या नऊ दिवसांत भगव्या साड्या नेसून येणाऱ्या बाया पाहिल्या की वारकरी आठवतात.

नवरात्रात घरोघर पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, लग्नात मिळालेले लाकडी राजाराणी सगळ्यांत वर. ऑक्टोबरात रंगशंकराचा नाट्यमहोत्सव. जे. पी. नगरातलं हे नाट्यगृह अरुंधती नाग यांनी शंकर नाग यांच्या स्मरणार्थ उभं केलं, २००४मध्ये. शंकर नाग यांची उमेदवारी मुंबईत मराठी रंगभूमीवर झाली होती, हे आपण विसरू नये. प्रयोग ठरल्या वेळी सुरू होतो, उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत. जानेवारीत चित्रकला परिषदेच्या कुमारकृपा रस्त्यावर चित्रसंते भरते. दिवसभर वाहनं बंद आणि दुतर्फा चित्रं. साहित्य महोत्सव आहे २०१२पासून. हे सगळं चांगलं आहे, मी जातोही. पण ते शनिवार-रविवार बघून ठरतं, आणि असं इतर शहरांतही होतं.

थंडीतला अवरेकाई मात्र इथलाच. अवरे म्हणजे आपला वाल-पावटा. धुक्यात वाढलेल्या कोवळ्या शेंगांना एक तेलकट, उग्र वास असतो, त्याला ‘सोगडु’ म्हणतात आणि त्याच्यासाठी माणसं वर्षभर थांबतात. व्ही. व्ही. पुरमची खाऊगल्ली या शेंगांच्या मेळ्याने गाजली. अवरे घातलेले डोसे, उपमा, जिलबीसुद्धा. घरी बायका भिजवलेले दाणे चिमटीत दाबून सालातून बाहेर काढतात, ते ‘हितकिद बेळे’. शेजारणीच्या ओट्यावर मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि थेट आईच्या डाळिंब्या डोळ्यांपुढे आल्या. तीच चिमट, तसाच बोटांना चिकटणारा हिरवट वास.

संक्रांतीला तीळगूळ तर आहेच, सोबत खोबरं, शेंगदाणे, डाळं. ‘एळ्ळु-बेल्ल’ खा आणि चांगलं बोला, असंच तेही म्हणतात. त्या संध्याकाळी गविपुरमच्या गुहेतल्या गंगाधरेश्वराच्या देवळात मावळतीचं ऊन नंदीच्या शिंगांमधून आत शिरून पिंडीवर पडतं. दगड कापणाऱ्यांनी सूर्याची चाल मोजून ते बसवलं आहे.

मग झाडांची पाळी. जर्मन बागतज्ज्ञ क्रुम्बिगल यांनी एकामागून एक फुलणारी झाडं रस्तोरस्ती लावायची कल्पना इथे रुजवली. आधी गुलाबी टॅबेबुया, मग नीलमोहर, मग गुलमोहर, आणि तोवर पुन्हा चैत्र.

एक उत्सव मुद्दाम शेवटी ठेवला. कडलेकाई परिषे, शेंगदाण्याची जत्रा. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या मोठ्या नंदीपाशी भरते. कथा अशी की, इथल्या सुंकेनहळ्ळी, गुट्टहळ्ळी, मावळ्ळी या गावांत शेंगांचं पीक एक बैल रोज फस्त करी. राखण करणाऱ्या शेतकऱ्यांनी त्याला हाकललं तेव्हा तो दगडाचा झाला. मग गावांनी पहिलं पीक त्याला वाहायचं ठरवलं. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, म्हणजे कथा फार प्राचीन नसणार. पण त्या गावांत आज शेंगेचं एक रोप उरलेलं नाही, सगळी बंगळुरूत विरून गेली, आणि वाहण्याचा नेम अजून चालू आहे. आता शेतकरी कोलार, चिक्कबळ्ळापूर, तुमकुरूकडून येतात. बुल टेंपल रोडच्या दोन्ही कडांना शेंगांचे ढीग लागतात. कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या शेंगा मापाने, शेरावर विकतात. विकणारी बाई माप भरून वर एक मूठ घालते. पायांखाली टरफलं करकरतात आणि भट्टीच्या धुराला खमंग वास असतो.

दाण्याच्या कुटावाचून ज्यांची कोशिंबीर होत नाही, खिचडी होत नाही, त्या आपल्यासारख्यांना ही जत्रा परकी कशी वाटेल?

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा कार्तिक नुकता लागला असेल. शेवटच्या सोमवारला अजून अवकाश आहे. बंगळुरूत असाल तर संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर बसवनगुडीला या, मुलांना आणा. गाडी लांब लावा, चालत या आणि कापडी पिशवी विसरू नका.