आमच्याच वाट्याला का?



या पानावर आपण एरवी रक्तक्षय, मधुमेह, लसीकरण अशा विषयांवर बोलतो. आज एका प्रश्नावर बोलायचे आहे. तो कोणत्याही केसपेपरवर लिहिलेला नसतो. वॉर्डात काम करताना आम्ही तो ऐकला आणि आता वस्त्यांमधून फिरतानाही ऐकतो. मूल दोन वर्षांचे होऊनही मान धरत नाही, किंवा आठ वर्षांचे झाले तरी बोलत नाही, आणि आई हलक्या आवाजात विचारते, “सिस्टर, आमच्याच वाट्याला का आलं ओ हे? मी कुणाचं काय वाईट केलं?”

शेजारीपाजारी या प्रश्नाची उत्तरे तयार असतात. कुणी म्हणते, “पोटुशी असताना गिराण पाळलं नसंल.” कुणी म्हणते, “मागल्या जन्मीचं फेडावं लागतंय.” जरा शिकलेली मंडळी गोड बोलतात, “देव अशी खास मुलं खास आईबापांच्याच पदरात घालतो.” शेवटचे उत्तर ऐकायला बरे वाटते, पण तिन्हींचा परिणाम एकच. जे झाले ते ठरलेलेच होते, तेव्हा आईने निमूट सोसावे आणि बाकीच्यांनी आपापल्या घरी जावे.

आमचे म्हणणे असे, की या प्रश्नाचे दोन भाग करून पाहावेत. मुलाच्या शरीरात काय घडले, हा पहिला भाग. त्यानंतर माणसांनी त्या मुलाशी आणि त्याच्या आईशी काय केले, हा दुसरा. पहिल्या भागाला कारण असते, पाप नसते. दुसऱ्या भागाचे नाव अन्याय, आणि अन्याय दूर करता येतो.

शरीरात काय घडते

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला झालेली इजा. बाळ फार आधी जन्मले, जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, कावीळ फार वाढली आणि उपचार वेळेत झाले नाहीत, मेंदूला संसर्ग झाला, अशी तिची कारणे असतात. कधी कधी सगळ्या तपासण्या करूनही नेमके कारण हाती लागत नाही. डाऊन सिंड्रोममध्ये बाळाच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. ती गर्भ धरतानाच आलेली असते. आईने काय खाल्ले, कुठे गेली, कुणाशी भांडली, याचा तिच्याशी संबंध नाही. ग्रहणात भाजी चिरल्याने गर्भाला काही होत नाही.

काही धोके कमी करता येतात. गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिडची गोळी घेतली, तर बाळाच्या पाठीच्या कण्यातले काही दोष टळतात. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न केल्यास काही आनुवंशिक आजारांची शक्यता वाढते. हे पुढच्या पिढीसाठी सांगायचे असते, जन्मलेल्या मुलाच्या आईला टोचून बोलण्यासाठी नव्हे.

लवकर ओळखणे महत्त्वाचे. तीन महिन्यांचे बाळ ओळखीने हसत नाही, पाच महिन्यांचे मान धरत नाही, दहा महिन्यांचे आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाचे चालत नाही, आवाजाकडे वळत नाही, यातले काहीही दिसले तर “आमच्याकडं सगळीच उशिरा चालत्यात” म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी करते. पथक येईल त्या दिवशी मूल घरात लपवू नका. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू वेगाने शिकत असतो, तेव्हाच्या व्यायामाचा उपयोग सर्वात जास्त होतो.

घरी पाळायच्या साध्या गोष्टीही आहेत. मुलाला आडवे झोपवून भरवू नका. पाठीला आधार देऊन बसवा, हनुवटी किंचित खाली ठेवा आणि लहान घास द्या. आडवे भरवल्याने अन्न श्वासनलिकेत जाते आणि वारंवार न्यूमोनिया होतो. जे मूल स्वतः हलू शकत नाही, त्याची कूस दर दोन तासांनी बदला. फिट आली तर कुशीवर वळवा. तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, पाणी पाजू नका. कांदा-चप्पल हुंगवण्याने काही होत नाही. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, तर थेट रुग्णालय गाठा.

पूर्वजन्माचा हिशेब कुणाच्या सोयीचा?

बौद्ध घरांतही “मागच्या जन्मीचं” हे शब्द आजही ऐकू येतात. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात या समजुतीचा समाचार घेतला आहे. हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. मूल जे घेऊन येते ते आईबापांच्या शरीरातून येते, मागच्या जन्माचे खाते त्यात कुठून येणार, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्यापुढे जाऊन ते विचारतात, की असा सिद्धान्त कुणाला उपयोगी पडतो? गरीब आणि पिचलेल्या माणसांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, एवढाच त्याचा उपयोग त्यांना दिसतो.

हाच सिद्धान्त आपल्या आज्या-पणज्यांना जातीबद्दल ऐकवला जात होता. गावकुसाबाहेर जन्मलात, मागल्या जन्मीचे पाप. तो आपण झुगारला. मग तोच हिशेब व्हीलचेअरवरच्या लेकराला लावणे आपल्याला शोभत नाही.

माणसांनी केलेला भाग

आता दुसरा भाग. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. हे प्रमाण लोकसंख्येच्या २.२१ टक्के होते. अनुसूचित जातींमध्ये तेच प्रमाण २.४५ टक्के होते. हा फरक नशिबाचा नाही. गरोदरपणातले कमी पोषण, अंगावर काढलेला रक्तक्षय, दूरचे रुग्णालय, उसाच्या फडात आठव्या महिन्यापर्यंत वाहिलेली मोळी, या सगळ्याचा बाळाच्या जन्मावर परिणाम होतो.

मूल जन्मल्यानंतरही अन्याय थांबत नाही. बारा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आई केएमटीची पायरी चढते. शाळेत “आमच्याकडे याची सोय नाही” असे सांगतात. दाखल्यासाठी एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवतात. नवरा म्हणतो, “तुझ्या माहेरचंच रक्त असंल.” लग्नाच्या पत्रिका येतात, पण मुलाला आणू नका असे आडून सुचवले जाते. यातली एकही गोष्ट गुणसूत्रात लिहिलेली नसते.

कोल्हापूरला हे वेगळे सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. ज्याला शाळेच्या दारात उभे करत नव्हते त्याला आत बसवणे हे राज्याचे काम आहे, हे या मातीने शंभर वर्षांपूर्वी पाहिले आहे. आज २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा तेच सांगतो. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे आहेत. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळा प्रवेश नाकारत असेल, तर कारण लेखी मागा. लेखी मागितले की बऱ्याचदा बोलण्याचा सूर बदलतो.

अर्थ कुठे सापडतो?

“सगळं मान्य, सिस्टर,” एक आई आम्हाला म्हणाली, “पण मग या सगळ्याला अर्थ काय?”

त्रिपिटकात एका आजारी भिक्खूची कथा आहे. त्याला अतिसार झाला होता आणि तो स्वतःच्या घाणीत पडून होता. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर ठेवले. मग संघाला बोलावून त्याची सेवा का केली नाही, असे विचारले. उत्तर आले, की तो आमच्या काही उपयोगाचा नाही. त्यावर भगवंतांनी सांगितले, की तुम्ही आईबाप सोडून आला आहात, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? ज्याला माझी सेवा करायची आहे, त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

आम्ही परिचारिका म्हणून ही कथा पुन्हा पुन्हा वाचतो. तथागतांनी त्या भिक्खूला पूर्वजन्मीचे कर्म विचारले नाही. त्याचे दुःख त्याच्या भल्यासाठीच आहे, असेही सांगितले नाही. त्यांनी पाणी मागवले, आणि जाब विचारला तो संघाला.

आम्हाला अर्थ इथे सापडतो. मूल अपंग का जन्मले, याला दडलेला अर्थ नाही. ते आपल्याला धडा शिकवायला आलेले नाही, आपली परीक्षा घ्यायलाही नाही. ते स्वतःचे आयुष्य जगायला आले आहे. अर्थ असतो तो आपण त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या इतरांसाठी काय करतो, यात.

याचा अर्थ रडू नये असा नाही. बाबासाहेब आणि माता रमाई यांनी चार अपत्ये गमावली. लाडक्या राजरत्नाच्या मृत्यूनंतर ऑगस्ट १९२६ मध्ये बाबासाहेबांनी आपल्या कोल्हापूरच्याच स्नेह्याला, दत्तोबा पवारांना पत्र लिहिले. मुलांबरोबर आयुष्यातली चवच निघून गेली, असा त्या पत्राचा सूर आहे. त्यांनी दुःखाला गोड नाव दिले नाही. पुढच्याच मार्चमध्ये ते महाडला चवदार तळ्यावर उभे होते. दुःख संपले म्हणून ते तिथे गेले, असे कुणी समजू नये. दुःख असूनही माणूस पाण्याच्या हक्कासाठी उभा राहू शकतो, एवढेच त्यातून घ्यावे.

कोल्हापुरात आणखी एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. नसीमा हुरजूक यांचे किशोरवयात कमरेखालचे शरीर लुळे पडले. त्यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. उचगावचे ‘घरौंदा’ वसतिगृह त्याच कामातून उभे राहिले. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन विहाराच्या वाचनालयात असायला हवे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी शेंडा पार्कात चेतना अपंगमती विकास संस्थेची शाळा आहे. अशी दारे आपल्याच शहरात आहेत, हे वस्तीतल्या प्रत्येक आईला ठाऊक असले पाहिजे.

आईची पाठ आणि आईची झोप

मूल वाढते तसे वजन वाढते, आणि ते उचलणारी आई तीच असते. कमरेतून वाकून उचलू नका. गुडघे वाकवा, मूल छातीशी धरा, मग उभे राहा. शक्य तिथे दोघांनी उचला. आईचे हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तरी तपासून घ्या. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ झोप उडाली, रडू थांबेना, “दोघांनीबी मरून जावं” असे मनात येऊ लागले, तर तो कमकुवतपणा नव्हे, तो उपचार होणारा आजार आहे. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते. बापमाणसांना विनंती, की मुलाला आठवड्यातून एक दिवस तरी पूर्ण सांभाळा. “मी तिला मदत करतो” असे म्हणू नका, मूल दोघांचे आहे.

“आमच्या माघारी याचं कोण?”

हा प्रश्न प्रत्येक आईबापाच्या उशाशी असतो. त्याची सुरुवात कागदांपासून करा. सर्वांत आधी अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढा. एसटी-रेल्वेची सवलत आणि संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान त्यावर अवलंबून आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असेल, तर राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य कवच देते. मूल १८ वर्षांचे झाले की आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. या चार अपंगत्वांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत त्याचा हिशेब मागा.

कागद पुरेसे नाहीत, माणसेही लागतील. म्हणून शेवटची सूचना विहार समित्यांना आहे. विहाराच्या पायऱ्यांशेजारी उतार करा. महिला मंडळातल्या चौघींनी पाळी लावून आठवड्यातून एक दुपार एखाद्या घरी बसावे, म्हणजे त्या आईला बँकेत जाता येईल किंवा नुसते झोपता येईल. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत व्हीलचेअर पुढे असू द्या. आणि येत्या पौर्णिमेला वंदनेला बसाल, तेव्हा वस्तीतले कोणते घर आलेले नाही ते पाहा. वंदना झाल्यावर त्या घरी जा.

जयभीम.