शल्यविशारदाचे हात : एका व्यक्तिचित्राविषयी

मागणीवरून काढलेल्या व्यक्तिचित्रात चित्रकार, चित्रविषय आणि मोल देणारा असे तिघे बोलत असतात. त्यांचे एकमत असतेच असे नाही. टॉमस इकिन्स यांचे 'ॲग्न्यू क्लिनिक' (१८८९) हे याचे उत्तम उदाहरण होय. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी निवृत्त होणारे प्राध्यापक डी. हेज ॲग्न्यू यांचे चित्र ७५० डॉलरांस मागितले होते. इकिन्स यांनी तेवढ्याच मोलात विद्यार्थ्यांसह सारे शस्त्रक्रियागृहच रंगविले.

स्तनावरील शस्त्रक्रिया साहाय्यक करीत आहेत. ॲग्न्यू डाव्या हाती शस्त्र घेऊन मागे सरले आहेत व व्याख्यान देत आहेत. कृतीपासून राखलेल्या या अंतरातूनच त्यांचा अधिकार व्यक्त होतो. इकिन्स यांच्याच 'ग्रॉस क्लिनिक'मध्ये (१८७५) शल्यविशारद काळ्या कोटात, रक्ताळलेल्या हाताने उभा आहे. येथे पोशाख पांढरे आहेत. मधल्या काळात जंतुसंसर्गाविषयीचा विचार शल्यगृहात रुजला होता. ॲग्न्यू यांच्या हातांवरही प्रथम रक्त होते, परंतु त्यांनी हरकत घेतल्यामुळे ते काढावे लागले. चित्राची त्यात हानी झाली असे मला वाटत नाही. निर्मळ हात अध्यापकाला अधिक शोभतात.

चौकटीवर लॅटिन लेख आहे : अतिनिपुण शल्यविशारद, सुविख्यात लेखक व अध्यापक, पूज्य आणि परमप्रिय पुरुष. भाषेच्या अभ्यासकास यातील विशेषणांचे तमभाववाचक रूप चटकन जाणवते. निपुणता व अध्यापन चित्रात दिसतात. 'परमप्रिय' हे मात्र त्या करारी चेहऱ्यावर वाचता येत नाही, ते अक्षरांनाच सांगावे लागले आहे.