आकडा आपल्या गावाचा

११ मार्च २०११ च्या त्सुनामीने जपानमधील फुकुशिमा दाइची अणुप्रकल्पाची वीज तोडली. पाठोपाठ स्फोट झाले आणि मोठ्या माध्यमांनी आपले वार्ताहर मागे घेतले. जवळच्या मिनामिसोमा शहराचे महापौर कात्सुनोबु साकुराई यांनी यूट्यूबवर तक्रार केली, की पत्रकार फोनवर चौकशी करतात, इथे येत नाहीत.

‘फुकुशिमा मिम्पो’सारखी स्थानिक दैनिके जाणार कुठे? त्यांचे वाचक तिथलेच. त्यांनी ठिकठिकाणचा किरणोत्सर्ग मायक्रोसिव्हर्टमध्ये रोज छापला, हवामानाच्या आकड्यांसारखा. त्याची गरज होतीच. प्रकल्पापासून ३० किलोमीटरपलीकडच्या इताते गावावर वारा आणि पावसाने किरणोत्सारी द्रव्ये आणून टाकली होती. गाव रिकामे करण्याचा निर्णय एप्रिलमध्ये झाला. नकाशावरच्या वर्तुळापेक्षा आपल्या अंगणातला आकडा महत्त्वाचा, हे तिथल्या आईला वेगळे सांगावे लागत नाही.

‘मिम्पो’ने पुढे स्थलांतराच्या हालअपेष्टांत दगावलेल्यांवर लेखमाला चालवली. मला ती जास्त मोलाची वाटते. या मृत्यूंचे कारण किरणोत्सर्ग नव्हता. रुग्णालयांतून घाईने हलवलेले वृद्ध, तुटलेले उपचार, निवाऱ्यातली थंडी, खचलेली मने. फुकुशिमा प्रांतात आपत्तीनंतरच्या अशा मृत्यूंची नोंद २,३०० च्या वर गेली. भूकंप आणि त्सुनामीत थेट दगावलेल्यांहून ती अधिक आहे.