उन्हातला प्रोसेसर

रोव्हर हे उपग्रहांवरून जागा ठरवणारं यंत्र आल्यापासून जमिनीची मोजणी झटपट होते, असं संपादकांच्या कानावर आलं होतं. म्हणून एप्रिलच्या उन्हात यवतमाळकडच्या एका शिवारात पोचलो. बांधावर भूकरमापक, अर्जदार, लगतचे खातेदार आणि नेहमीचे बघे. भूकरमापकाच्या हातात दोन मीटरचा दांडा, वर उपग्रहांचे संदेश टिपणारी तबकडी आणि छातीच्या उंचीवर दांड्याला आवळलेलं एक जाडजूड काळं यंत्र. याला कंट्रोलर म्हणतात. कोपऱ्यांना रबर, मोठी बटणं. हातातून पडला तर उचलायचा, झटकायचा आणि कामाला लागायचं.

पूर्वी हेच काम साखळीनं व्हायचं. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. मग प्लेन टेबल आलं, मग ईटीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन. आता राज्यात भारतीय सर्वेक्षण विभागाची 77 कॉर्स केंद्रं आहेत. ती जागची न हलता उपग्रहांच्या संदेशातली चूक काढतात आणि दुरुस्ती इंटरनेटवरून रोव्हरला पुरवतात.

माझी नजर मात्र पडद्यावरच्या एका शब्दावर खिळली. आधी ‘फ्लोट’, मग ‘फिक्स’. उपग्रहाच्या संदेशाची लहर सुमारे 19 सेंटिमीटर लांब असते. तिचा अर्धामुर्धा तुकडा तबकडीला नेमका मोजता येतो. पण वीस हजार किलोमीटरच्या वाटेत पूर्ण लहरी किती झाल्या, हे गणितानं शोधावं लागतं. तो आकडा सापडला की फिक्स. मग चूक दोन-तीन सेंटिमीटरची उरते. त्याआधी खूण ठोकायची नाही. बांधाची भांडणं वितीवरून होतात.

हे गणित बहुधा तबकडीतच होतं. कंट्रोलरनं दुरुस्ती तबकडीला पोचवायची, गटाचा नकाशा काढायचा, बिंदू साठवायचे. वेगाचंच बघा: 1983 साली इंग्लंडातल्या कोव्हेंट्रीत निघालेला ‘हस्की हंटर’ हा हातातला दणकट संगणक 4 मेगाहर्ट्झवर, चार पेन्सिल सेलांवर चालायचा. आजच्या कंट्रोलरचा प्रोसेसर दोन गिगाहर्ट्झच्या आसपास धावतो. माहितीपत्रकावर हाच आकडा ठळक छापलेला.

दुपारी दीडला नकाशा सरकवला, तर रेघा रखडत उमटू लागल्या. ‘‘तापलं का हो साहेब?’’ एका शेतकऱ्यानं विचारलं. ‘‘तापलं भाऊ,’’ म्हणत भूकरमापकानं डोक्यावरचा दुपट्टा सोडून यंत्रावर सावलीसारखा धरला. स्वतःचं डोकं उघडं.

दोष बनावटीतच आहे. यंत्राचा दर्जा आयपी 67, म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालेल. त्यासाठी यंत्र सगळीकडून बंद करावं लागतं. पंखा नाही, झरोका नाही. आतली उष्णता फक्त कवचातून बाहेर पडते, आणि इथं कवचच उन्हात तापलेलं. शिवाय उन्हात दिसावा म्हणून पडदा पूर्ण उजळ ठेवावा लागतो. त्याची उष्णता वेगळीच. मग जळू नये म्हणून प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतो. छापलेले गिगाहर्ट्झ दुपारी शिवारात उरत नाहीत.

वेग पुरला तरी सगळं सुटतं असंही नाही. मोबाइलची रेंज गेली की दुरुस्ती थांबते. आंब्याखालच्या कोपऱ्यावर फिक्स मिळता मिळत नाही. त्याहून अवघड जुना नकाशा. 1:5000 च्या कागदावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर रुंद होते, आणि तिच्यात खरी हद्द कुठली, हे कुठलाच प्रोसेसर सांगू शकत नाही. तिथं जुन्या खुणा, शेजाऱ्यांचे जबाब आणि भूकरमापकाचा अनुभवच कामी येतो.

उन्हाचा प्रश्न मात्र खरेदीच्या टेबलावर सुटण्यासारखा आहे. निविदा लिहिणाऱ्यांनी गिगाहर्ट्झच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा: 45 अंशांत, उघड्या उन्हात, पडदा पूर्ण उजळ ठेवून चार तास काम केल्यावर वेग किती उरतो? आणि त्याचं उत्तर शिवारात चाचणी घेऊनच भरून घ्यावं.