पाढ्यांच्या बदल्यात मोबाइल?

‘आधी पाढे म्हण, मग मोबाइल देते.’ दिवसभर राबून आलेल्या आईला हा सौदा सोपा पडतो आणि त्या संध्याकाळपुरता चालतोही. पण पोराच्या मनात बसते ते असे, की पाढे म्हणजे कटकट आणि मोबाइल म्हणजे सुख. दुसऱ्या दिवशी तो पाटी काढण्याआधीच विचारतो, ‘किती वेळ देशील?’

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांची, स्केचपेनने चित्रे काढण्याची आवड असलेली मुले त्यांनी घेतली. काहींना आधीच सांगितले, ‘चित्र काढलेस तर सोनेरी चांदणीचे प्रमाणपत्र मिळेल.’ काहींना ते न सांगता दिले, काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच स्केचपेने पुन्हा वर्गात ठेवली. ठरवून बक्षीस मिळालेली मुले तेव्हा इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांपाशी बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

म्हणजे खाऊ कधीच देऊ नये असे नाही. ज्या मुलाला पुस्तक हातात धरायचीच इच्छा नाही, त्याला सुरुवातीला छोटेसे बक्षीस चालेल. मात्र ते लवकर कमी करत जावे. मुलाला आवडणाऱ्या विषयाला तर भाव लावूच नये.

त्यापेक्षा वेळ बांधून द्या. चहा झाला की त्याच कोपऱ्यात तीच सतरंजी, वीस मिनिटे, आणि तेवढा वेळ घरातला टीव्ही बंद. मोठ्यांचाही! दहा बाय दहाच्या खोलीत हे अवघड आहे, पण वीस मिनिटे जमतात. आई-वडिलांना वाचता येत नसले तरी जवळ बसून ‘आज काय शिकवलं, मला सांग’ एवढे विचारता येते. आणि ‘हुशार आहेस’ म्हणण्यापेक्षा ‘तीनदा खोडलंस, पण गणित सोडलं नाहीस’ असे म्हणा.

एवढे करूनही मूल अभ्यासाला बसत नसेल, तर ‘आळशी’ म्हणण्याआधी शरीराकडे पाहा. फळ्यावरचे चुकीचे उतरवते, पुस्तक नाकाशी धरते, हाक ऐकत नाही, सतत थकलेले असते, तर डोळे, कान आणि रक्त तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत तपासणीसाठी येते. तुमच्या शाळेत ते कधी येणार, हे वर्गशिक्षकांना विचारून ठेवा.