शेजारची रांगच का पळते?

बोरघाटात भरलेला ट्रेलर उजव्या लेनमधून धापा टाकत चढत असतो (त्याने डावीकडे असायला हवं, हे मान्य), मागे गाड्यांची रांग लागते आणि शेजारची लेन सुसाट निघाल्यासारखी वाटते. आपण तिकडे घुसतो. लगेच तीच तुंबते.

डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी या संशोधकांनी 1999 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत याचा उलगडा केला. दोन्ही लेनचा सरासरी वेग सारखा असला, तरी चालकाला आपणच मागे पडतोय असं वाटतं. आपली लेन सरकते तेव्हा शेजारच्या गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. दहा-बारा गाड्या आपण बघता बघता मागे टाकतो. आपण अडकलो की त्याच गाड्या अंतर ठेवून, एकेक करत पुढे जातात. त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. गाड्यांची फिटंफाट होते, पण चडफडण्याचा काळ लांबतो. शिवाय मागे टाकलेली गाडी नजरेआड होते, पुढे गेलेली डोळ्यांसमोर नाचत राहते.

एवढ्या घाईने पदरात काय पडतं? 10 किलोमीटरला ताशी 40 च्या वेगाने 15 मिनिटं लागतात, 50 ने 12. वाचलेली तीन मिनिटं शहरात शिरताच पहिले दोन सिग्नल गिळतात. आपण मध्ये घुसलो म्हणून मागच्याने मारलेला ब्रेक मात्र गाडीगणिक मागे सरकत जातो, आणि पार खाली थांबलेल्याला आपण का थांबलो हेच कळत नाही.