शॉकअप कडक करण्याआधी

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मोठ्या सीसीच्या गाड्या मनोर, चारोटी करत तलासरीपर्यंत येतात. डहाणू-तलासरीच्या पोरांना वेगाचं वेड लागतं ते त्या बघूनच. पण इकडे ट्रॅक नाही. खरा सराव हवा तर गाडी पिकअपमध्ये बांधायची आणि कोइम्बतूरचा 2.1 किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई, नाहीतर ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट गाठायचं. त्या बुद्धवरच 2023च्या सप्टेंबरात मोटोजीपी झाली होती. एवढा खर्च करून पोहोचलेला पोरगा पहिलं काय करतो? पाना घेऊन मागचा शॉकअप आवळतो.

असं आवळून प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा सुरुवातीचा दाब, वाढवला की स्प्रिंग कडक होते, हा गॅरेजमधला सगळ्यांत चिवट गैरसमज. साधी स्प्रिंग होती तेवढीच कडक राहते. बदलते ती गाडीची बसण्याची उंची. म्हणून सुरुवात सॅगपासून करावी. चाक हवेत उचलून, सस्पेन्शन पूर्ण ताणलेलं असताना एक माप घ्यायचं. मग चालवणाऱ्याने हेल्मेट आणि लेदर सूटसकट नेहमीच्या बैठकीत बसायचं. एकाने गाडी धरायची, दुसऱ्याने टेप लावायची. दोन मापांतला फरक म्हणजे सॅग. घर्षणामुळे टेप फसवते, तेव्हा एकदा गाडी दाबून अलगद सोडायची, एकदा उचलून सोडायची आणि सरासरी काढायची. ट्रॅकसाठी ढोबळमानाने 30 ते 35 मिलिमीटर. हा आकडा जुळला, पण स्वार उतरल्यावर गाडी मागे स्वतःच्या वजनाने जराही दबत नसेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला नरम आहे. ती बदलायचे पैसे आधी खर्चावेत. सोनेरी रंगाचा परदेशी शॉकअप नंतर.

रिबाउंड ठरवतो दबलेली स्प्रिंग किती वेगाने उघडावी ते. ढिला असला तर वळणातून बाहेर पडताना गाडी झुलते. फार आवळला तर चाक पुरतं खाली यायच्या आत पुढचा उंचवटा येतो आणि गाडी दर धक्क्याला आणखी खाली बसत जाते. कॉम्प्रेशन दबण्याचा वेग सांभाळतो. या दोन्हींच्या स्क्रूचे क्लिक नेहमी पूर्ण बंद स्थितीपासून मोजायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. (ही वही कोणी ठेवत नाही.) फोर्कच्या नळीला केबल टाय बांधला की ब्रेकिंगमध्ये फोर्क किती खाली जातो ते फुकटात कळतं.

गाड्यांचं म्हणाल तर चाकणच्या बजाजमध्ये बनणाऱ्या केटीएम 390 ड्यूकला 2023च्या नव्या मॉडेलपासून पुढच्या फोर्कमध्ये कॉम्प्रेशन आणि रिबाउंड दोन्ही बदलता येतात. टीव्हीएसने अपाची आरआर 310साठी 2021मध्ये तसंच किट आणलं. आपल्याकडच्या बहुतेक पल्सरना मात्र मागचा प्रीलोड एवढंच हत्यार. त्यांना फोर्कचं ताजं, योग्य घट्टपणाचं तेल आणि टायरमधली बरोबर हवा यानेच सर्वांत जास्त फरक पडतो. हवा चुकली असेल तर शॉकअपवर केलेली सगळी मेहनत पाण्यात.

आणि गुळगुळीत ट्रॅकवर बसवलेली कडक सेटिंग पावसाळ्यानंतरच्या डहाणू-जव्हार रस्त्यावर तशीच आणू नये. खड्ड्यात टायर जमीन सोडतो. परतताना पिकअपमधून गाडी उतरवली की क्लिक मोजून मागे घ्यायचे.